पलसाण्याच्या नाल्यापर्यंत आलेली याचिका

धुळ्याहून साक्री, नवापूर, व्यारा, बारडोली करत सुरतेकडे निघालेला महामार्ग पलसाण्याला मुंबई-अहमदाबाद रस्त्याला मिळतो. खानदेशातली माणसं पोटासाठी सुरतेला जाताना हीच वाट धरतात. जी रेल्वेने जातात ती ताप्ती लाइनवरची गंगाधरा आणि चलथाण ही याच तालुक्यातली स्टेशनं मागे टाकून उधन्याला उतरतात. लिंबायत-उधन्याच्या गल्ल्यांत अहिराणी ऐकू येते ती त्यामुळे. यंत्रमाग बरेचसे शहरात राहिले. कापड धुण्या-रंगवण्याच्या कारखान्यांनी मात्र हळूहळू शहराबाहेर उसाच्या शेतांमध्ये जागा धरल्या. कडोदरा, वरेली, जोळवा, तांतीथैया, बलेश्वर ही पलसाणा तालुक्यातली गावं आता उसापेक्षा धुराड्यांवरून ओळखू येतात.

मागावरून उतरलेल्या कोऱ्या कापडाला सुरतेच्या बाजारात ‘ग्रे’ म्हणतात. ते प्रोसेस हाउसमध्ये येतं, कामगारांच्या बोलीत ‘मिल’मध्ये. आधी त्यातली खळ आणि तेल धुऊन काढायचं. पॉलिएस्टर असेल तर कॉस्टिक सोड्याच्या कढत पाण्यात त्याचं वजन उतरवायचं. त्यात तंतूचा वरचा थर विरघळून जातो आणि साडी अंगाला मऊ लागते. मग जेट मशीनमध्ये दाबाखाली १३० अंशांच्या आसपास तापलेल्या पाण्यात रंग चढवायचा, पुन्हा धुवायचं, स्टेंटरवर ताणून वाळवायचं. पायरी कुठलीही असो, पाणी लागतंच, आणि बॉयलरला कोळसा किंवा लिग्नाइट. मऊ साडी दुकानात जाते. उतरलेलं वजन, सोडा, क्षार आणि न चढलेला रंग गरम पाण्याबरोबर गटारात जातो. गटाराच्या पुढे बलेश्वर खाडी आहे आणि मिंढोळा नदी आहे.

या पाण्यावर गेल्या चाळीस वर्षांत जी काही बंधनं आली त्यांतलं एकही पलसाण्याच्या नावाने आलेलं नाही. कोणी आग्र्याच्या संगमरवरासाठी कोर्टात गेलं, कोणी कानपूरच्या चामड्यासाठी, कोणी उदयपूरजवळच्या विहिरींसाठी, कोणी खेडा जिल्ह्यातल्या भातासाठी. त्या निकालांचे तुकडे जोडत जोडत एक कायदा तयार झाला आणि तो इथल्या नाल्यापर्यंत येऊन ठेपला. त्यातले बरेच तुकडे एका वकिलाच्या याचिकांतून आले आहेत. त्याच वकिलाने कोर्टाकडे आणखी एक गोष्ट मागून घेतली होती: हे सगळं शाळा-कॉलेजांत शिकवलं जावं. तीही त्याला मिळाली. मिळाल्यावर तिचं काय झालं, हा या इतिहासाचा मला जास्त रंजक वाटणारा भाग आहे.

हा वकील म्हणजे एम. सी. मेहता, मूळचे राजौरी जिल्ह्यातल्या धांगरी गावचे. जम्मूत वकिली करून १९८३मध्ये दिल्लीला आले, सर्वोच्च न्यायालयात काम करायचं म्हणून. पुढच्याच वर्षी एका समारंभात कोणीतरी त्यांना टोमणा मारला की ताजमहाल पिवळा पडत चाललाय आणि तुम्हा वकिलांना त्याचं काही सोयरसुतक नाही. मेहता आग्र्याला गेले, पाहून आले, वाचायला बसले. संगमरवर गंधकाच्या धुराने खराब होतो, मथुरेचा तेलशुद्धीकरण कारखाना आणि आग्र्याच्या ओतशाळा तो धूर सोडतात, एवढं विज्ञान त्यांना तेव्हा शिकावं लागलं. १९८४मध्ये याचिका दाखल झाली. तिचा मुख्य निकाल लागला ३० डिसेंबर १९९६ रोजी, म्हणजे बारा वर्षांनी. २९२ कारखान्यांनी नैसर्गिक वायू वापरावा, नाहीतर तिथून उठावं, असा तो निकाल.

ताजची याचिका पडून असतानाच गंगेची आली. हरिद्वारजवळ कोणीतरी पेटती काडी नदीत टाकली आणि पाण्यावर तरंगणाऱ्या रसायनांनी पेट घेतला. ती आग तीस तासांहून जास्त वेळ विझेना. १९८५मध्ये मेहता कोर्टात गेले ते तिथल्या कारखान्यांविरुद्ध. न्यायालयाने मात्र वर्तमानपत्रांत जाहीर नोटीस छापून काठावरच्या उद्योगांना आणि नगरपालिकांना बोलावून घेतलं. तुमच्या सांडपाण्याचं काय करता ते येऊन सांगा. एका वकिलाचा कागद आणि समोर अख्ख्या खोऱ्यातले प्रतिवादी, असा खटला तोवर आपल्याकडे कोणी पाहिला नव्हता.

त्यातला २२ सप्टेंबर १९८७चा कानपूरच्या जाजमऊ भागातल्या चर्मोद्योगांबद्दलचा निकाल पलसाण्याच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. कातडी कमावणाऱ्यांचं म्हणणं होतं की प्राथमिक शुद्धीकरण आम्ही कसंबसं करू, त्यापुढचं आमच्या खिशाला झेपणारं नाही. न्यायमूर्ती वेंकटरामय्या आणि के. एन. सिंग यांच्या पीठाने निदान प्राथमिक शुद्धीकरण सक्तीचं केलं आणि एक साधा युक्तिवाद केला. जो कारखाना मजुरांना किमान वेतन देऊ शकत नाही त्याला चालू राहायचा हक्क नाही, तसाच जो आपलं पाणी प्राथमिकसुद्धा शुद्ध करू शकत नाही त्यालाही नाही. भांडवल नाही ही सबब संपली. त्याच वेळी, लहान कारखान्याने आपल्यापुरतं थोडं करावं आणि उरलेलं सगळ्यांनी मिळून करावं, या विचाराला वाट मोकळी झाली. आज पलसाण्यात मिलचं पाणी आधी मिलमध्ये आणि मग सामाईक सांडपाणी केंद्रात जातं, त्यामागे हाच हिशोब आहे.

गंगेच्याच खटल्यात १२ जानेवारी १९८८ रोजी कानपूर नगरपालिकेबद्दलचा निकाल आला. गोठे, नाले, मैला, अर्धवट जळालेली प्रेतं या सगळ्याबद्दल आदेश देऊन झाल्यावर न्यायमूर्तींनी शेवटी शिक्षणाकडे मोर्चा वळवला. पहिल्या दहा इयत्तांत आठवड्याला निदान एक तास नद्या, तळी, वनं आणि वन्यजीव यांच्या रक्षणाबद्दल शिकवावं, पुस्तकं फुकट द्यावीत, शिक्षकांना प्रशिक्षण द्यावं. नगरपालिकेच्या गटारांवरच्या निकालात शाळेचं वेळापत्रक! कायद्याच्या अभ्यासकांनी यावर नाकं मुरडली आहेत. मला वाटतं, गटाराच्या दुसऱ्या टोकाला कोण आहे हे त्या पीठाला नेमकं दिसलं होतं.

मेहतांनी तो धागा सोडला नाही. १९९१मध्ये त्यांनी फक्त शिक्षणासाठी स्वतंत्र याचिका केली आणि २२ नोव्हेंबरला सरन्यायाधीश रंगनाथ मिश्रा यांच्या पीठाने ती मान्य केली. सिनेमागृहांनी प्रत्येक खेळात पर्यावरणाच्या निदान दोन स्लाइड फुकट दाखवाव्यात, दूरदर्शन आणि आकाशवाणीने रोज काही मिनिटं द्यावीत, शाळेत हा विषय सक्तीचा असावा, विद्यापीठांनीही तो घ्यावा. बहुतेक राज्यांनी हे आदेश फायलीत ठेवले. मेहता पुन्हा कोर्टात गेले. १८ डिसेंबर २००३ रोजी न्यायालयाने एनसीईआरटीला नमुना अभ्यासक्रम करायला सांगितला आणि राज्यांना तो राबवण्याची तंबी दिली.

महाविद्यालयांसाठी विद्यापीठ अनुदान आयोगाने सहा महिन्यांचा अभ्यासक्रम काढला आणि त्याचं पाठ्यपुस्तक लिहिलं पुण्यात. डॉ. एरच भरुचा हे पेशाने शल्यविशारद. भारती विद्यापीठाच्या पर्यावरण संस्थेत त्यांनी या शिक्षणाचा पाया घातला. आठ प्रकरणं, पन्नास तास, ७५ गुणांची परीक्षा आणि २५ गुणांचं प्रत्यक्ष काम. ज्यांनी २००४नंतर महाराष्ट्रात पदवी घेतली त्यांना ‘पर्यावरणाचा पेपर’ आठवत असेल. वाणिज्य असो, कला असो, तो सुटत नव्हता. तो आपल्या वाट्याला कोर्टाच्या आदेशाने आलाय, हे मात्र वर्गात फारसं कोणी सांगितलं नाही.

त्या अभ्यासक्रमातलं आठवं प्रकरण म्हणजे प्रत्यक्ष काम, आणि त्यात एक ओळ आहे: जवळच्या प्रदूषित ठिकाणाला भेट. शहरी, ग्रामीण, औद्योगिक किंवा शेतीचं, कुठलंही चालेल. ही एक ओळ जरी देशभर मनापासून पाळली गेली असती तरी दर वर्षी लाखो मुलं कुठल्या ना कुठल्या नाल्याच्या काठावर उभी राहिली असती आणि कुठल्या पाइपातून कसलं पाणी येतं ते वहीत लिहून घेतलं असतं. प्रत्यक्षात काय झालं ते आपल्याला माहीत आहे. झेरॉक्सच्या दुकानात तयार प्रकल्प मिळू लागले. कव्हरवर पृथ्वीचं चित्र, आत ओझोनच्या थराची आकृती, मागे स्पायरल बायंडिंग. कॉलेजच्या मागच्या नाल्याचं नाव त्यात सापडणं कठीण. वाईट शिकवलं गेलं एवढंच याचं कारण नाही. सक्तीच्या विषयाला स्वतंत्र शिक्षक नव्हता. ज्याचे तास कमी भरत त्या कोणाच्याही गळ्यात तो मारला जाई, आणि त्या बिचाऱ्याने नाल्यावर पोरं नेली असती तर नाला ज्याचा त्याने प्राचार्यांना फोन केला असता. न्यायालय विषय सक्तीचा करू शकतं, शिक्षकाला पाठबळ देणं त्याच्या हातात नसतं.

मेहतांनी स्वतः शिकवणं सोडलं नाही. गावांतून पदयात्रा काढल्या, कॉलेजांत बोलले, आपल्या नावाची संस्था काढून तरुण वकिलांना या कामात घडवलं. १९९६चा गोल्डमन पुरस्कार, १९९७चा मॅगसेसे, बऱ्याच उशिरा २०१६मध्ये पद्मश्री, हे सगळं नोंदवून पुढे जाऊ, कारण खटल्यांत आणखी दोन आहेत जे पलसाण्याला थेट लागू पडतात.

पहिला दिल्लीचा. श्रीराम खत कारखाना दाट वस्तीतून हलवावा अशी मेहतांची याचिका कोर्टात पडून असतानाच ४ डिसेंबर १९८५ रोजी त्या कारखान्यातून ओलियम वायू गळाला. भोपाळला एक वर्ष होऊन दोन दिवस झाले होते. एका वकिलाचाच त्यात जीव गेला. २० डिसेंबर १९८६ रोजी सरन्यायाधीश भगवतींच्या पीठाने शंभरहून अधिक वर्षं जुना इंग्रजी नियम बाजूला ठेवला. त्या नियमात मालकाला सुटायच्या बऱ्याच पळवाटा होत्या: दैवी आपत्ती, तिऱ्हाइताची करणी वगैरे. नवा नियम असा की धोकादायक धंदा करून नफा घेतोस ना, मग नुकसानीला तू पूर्ण जबाबदार. काळजी घेतली होती की नव्हती हे विचारायचंच नाही.

दुसरा बिछडीचा. उदयपूरजवळच्या या गावात १९८७च्या सुमारास एच-ॲसिड बनवणारा कारखाना सुरू झाला. एच-ॲसिड हा रंगांचा कच्चा माल. (सुरतेच्या पॉलिएस्टरचे रंग वेगळ्या जातीचे, सुती आणि व्हिस्कोसच्या रंगांना तो लागतो.) एक टन एच-ॲसिड करताना त्याच्या कित्येक पट विषारी पाणी आणि गाळ निघतो. पाश्चात्त्य देशांनी हा उद्योग नकोसा होऊन आपल्याकडे ढकलला, असं न्यायालयानेच नमूद केलं आहे. कारखाना फार काळ चाललासुद्धा नाही, पण विहिरींचं पाणी काळपट तांबडं झालं आणि जमीन नापीक झाली. मेहतांशी जोडलेल्या इंडियन काउन्सिल फॉर एन्व्हायरो-लीगल ॲक्शन या संस्थेने याचिका केली. १३ फेब्रुवारी १९९६ रोजी न्यायमूर्ती जीवन रेड्डी यांनी ओलियमचाच नियम इथे लावला आणि जमीन-पाणी पूर्ववत करायचा खर्च घाण करणाऱ्यानेच द्यायचा असं ठरवलं. रक्कम ठरली ३७ कोटी ३८ लाख ५० हजार रुपये. ती द्यायची टाळण्यासाठी अर्जावर अर्ज होत राहिले. शेवटी जुलै २०११मध्ये न्यायालयाने वर बारा टक्के चक्रवाढ व्याज लावलं.

ही रक्कम आली कुठून? नागपूरहून. बिछडीची माती-पाणी तपासून सावरण्याचा खर्च काढला होता नागपूरच्या नीरीने, म्हणजे राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने. ताजच्या खटल्यात नीरी आहे, तामिळनाडूच्या चर्मोद्योगांच्या खटल्यात नीरी आहे. त्या दशकातले निकाल वाचताना ‘नीरीच्या अहवालानुसार’ हे शब्द इतक्यांदा येतात की वाटतं, वकील दिल्लीत बोलत होता आणि त्याचा पुरावा वर्धा रोडवर तयार होत होता. मराठी मुलखाचा या इतिहासातला सगळ्यात मोठा वाटा हाच असावा, आणि तो आपल्याला फारसा माहीत नाही.

आणखी एक गोष्ट तारखा मांडून बसलं की दिसते. ओलियमचा निकाल भगवतींच्या निवृत्तीच्या दिवशीचा. ताजचा निकाल न्यायमूर्ती कुलदीप सिंग निवृत्त व्हायच्या आदल्या दिवशीचा. मेहतांच्या खटल्यांसाठी शुक्रवार राखून ठेवणारे ते हेच. ते गेल्यावर शुक्रवारही गेले. इतकं सगळं एकेका माणसावर उभं होतं.

गुजरातेतली गोष्टही तशीच. अहमदाबादच्या नरोडा, ओढव, वटवा या औद्योगिक वसाहतींचं पाणी खारी नदीत जाई आणि खाली खेडा जिल्ह्यातल्या गावांच्या विहिरी आणि भातखाचरं त्याने नासली होती. गावकऱ्यांनी उच्च न्यायालयात धाव घेतली. ५ ऑगस्ट १९९५ रोजी मुख्य न्यायमूर्ती बी. एन. किरपाल आणि न्यायमूर्ती हेमंत गोखले यांनी निकाल दिला. ७५६ कारखान्यांना दट्ट्या बसला. पाणी सुधारेपर्यंत बंद, आणि उलाढालीच्या एक टक्का रक्कम नासलेल्या गावांच्या भल्यासाठी द्यायची. पुढच्याच महिन्यात किरपाल सर्वोच्च न्यायालयात गेले. तिथे पुढे दिल्लीच्या बस सीएनजीवर आणायचा मेहतांचा खटला त्यांच्यासमोर आला आणि २००२मध्ये त्यांनी तोही तडीस नेला.

नुकसान किती हे न मोजता उलाढालीवर टक्का लावणं बरोबर की नाही, यावर वडोदऱ्याजवळच्या नंदेसरी वसाहतीतल्या उद्योगांनी पुढे वाद घातला. २००४मध्ये सर्वोच्च न्यायालय म्हणालं की एक टक्का हा सरसकट नियम नव्हे, नुकसान झालंय का ते आधी पाहा. पण १९९५च्या त्या दणक्याचा परिणाम गुजरातभर झाला होता. कारखाना वाचवायचा तर सामाईक सांडपाणी केंद्र हवं, हे उद्योजकांनी ओळखलं. त्या लाटेत जी केंद्रं उभी राहिली त्यांच्या मालिकेत पलसाणा एन्व्हायरो प्रोटेक्शन लिमिटेड हे पलसाण्याचं केंद्र येतं. सभासद कोण, तर पाणी सोडणाऱ्या मिलच. जागेची अडचण असलेल्या लहान मिलला हे सोयीचं असतं, आणि तपासणाऱ्यालाही शंभर ठिकाणी जाण्यापेक्षा एका ठिकाणी जाणं परवडतं. पण त्यात एक खोट आहे. एखाद्या मिलने रात्री प्राथमिक शुद्धीकरणाला फाटा देऊन तसंच पाणी ढकललं तर केंद्रातले जिवाणू मरतात आणि बाहेर पडणारं पाणी सगळ्यांच्याच नावावर जातं. शिवाय क्षार जिवाणूंना खाता येत नाहीत, ते येतात तसे निघून जातात. वापीच्या केंद्राबाबत राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१९मध्ये केंद्राबरोबर सभासद कारखान्यांवरही भरपाई बसवली, ती याच गोंधळामुळे. चोर सापडत नाही म्हणून अख्ख्या गावाला दंड, असं उद्योजक म्हणाले. तो नाला ज्यांच्या शेतातून जातो त्यांना ही व्यथा फार पटली नसेल.

आता त्या गोष्टीकडे वळतो जी कोणत्याही वकिलाच्या युक्तिवादात नव्हती. १९९६मध्ये गुजरात उच्च न्यायालयाने आणखी एक आदेश दिला. प्रदूषण करणाऱ्या कारखान्यांनी दर वर्षी बाहेरच्या तज्ज्ञांकडून पर्यावरणाची तपासणी करून घ्यावी आणि अहवाल राज्याच्या प्रदूषण नियंत्रण मंडळाला द्यावा. कागदावर उत्तम. तपासनीस निवडणार कारखानदार, पैसे देणार कारखानदार. ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी, हे सांगायला अर्थतज्ज्ञ लागत नाही. ते आकड्यांत मांडायला मात्र लागले. एस्थर डुफ्लो, मायकल ग्रीनस्टोन, रोहिणी पांडे आणि निकोलस रायन यांनी प्रदूषण मंडळाच्याच साथीने अहमदाबाद आणि सुरत भागातल्या ४७३ कारखान्यांत प्रयोग केला. धुराड्यातल्या धूलिकणांची मर्यादा होती १५० मिलिग्रॅम. तपासनीसांच्या अहवालांत आकडेच्या आकडे या १५०च्या जरासे खाली येऊन बसलेले, पेपर तपासणाऱ्याने पोरं काठावर पास करावीत तसे. अहवालांप्रमाणे मर्यादा ओलांडणारे कारखाने सात टक्के होते. पुन्हा जाऊन मोजलं तेव्हा ते निघाले ५९ टक्के.

मग निम्म्या कारखान्यांसाठी रीत बदलली. तपासनीस चिठ्ठ्या टाकून नेमायचा, त्याचे पैसे एका सामाईक निधीतून द्यायचे, आणि काही ठिकाणी मागून जाऊन फेरमोजणी करायची. तीच माणसं, तीच यंत्रं, पण आकडे खरे येऊ लागले. आणि आकडे खरे येताहेत म्हटल्यावर त्या कारखान्यांनी प्रदूषणही कमी केलं. २०१३मध्ये हा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. पुढे २०१९मध्ये सुरतेत धूलिकणांचा बाजार सुरू झाला. प्रत्येक धुराड्यावर सतत मोजणारं यंत्र, सगळ्यांना मिळून धुराची एक कमाल मर्यादा, जो कमी सोडेल त्याने उरलेला परवाना विकावा. धूलिकणांसाठी जगातला हा पहिलाच बाजार. ३१७ कारखान्यांवर झालेल्या अभ्यासात धूर २० ते ३० टक्क्यांनी घटल्याचं दिसलं. निकाल दिल्लीत लागला, अहमदाबादला आदेश निघाला, तरी मोजणारा कोणाच्या पगारावर आहे यावर सगळं अडलं होतं.

या याचिकांमध्ये एक माणूस कधी पक्षकार झाला नाही, तो म्हणजे जेटवर उभा राहणारा कामगार. दिल्लीत जुलै १९९६मध्ये १६८ घातक कारखाने शहराबाहेर काढायचा आदेश झाला. तोही मेहतांच्याच याचिकेवर. कामगारांना भरपाई द्यायची असं न्यायालयाने लिहिलं होतं, पण ती मिळायला हजेरीपटावर नाव लागतं. अनुज भुवानिया यांच्यासारख्या अभ्यासकांनी या खटल्यांवर सडकून टीका केली आहे ती यासाठीच: ज्यांच्या पोटावर पाय येणार त्यांना ऐकून न घेता निकाल लागले. मला ही टीका बरीचशी मान्य आहे. उद्या पलसाण्यातल्या मिलना टाळं लागलं तर मालकाचं कापड दुसऱ्या मिलमध्ये रंगेल. ठेकेदाराकडे बारा तासांची पाळी करणारा शिरपूर-साक्रीकडचा पोरगा त्याच संध्याकाळी मोकळा होईल. आणि तरीही नाल्याला लागून खोली त्याचीच असते, खोकला त्याच्याच मुलाला होतो. कारखाना की पाणी असा प्रश्न त्याला विचारणं हाच मुळात लबाडपणा आहे. जाजमऊच्या निकालात किमान वेतन आणि किमान शुद्धीकरण एका वाक्यात आले होते. पुढच्या खटल्यांत त्यातलं पहिलं मागे पडलं.

वेगळी पर्यावरण न्यायालयं हवीत, असं भगवतींनी ओलियमच्या खटल्यातच सुचवलं होतं. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण आलं २०१०मध्ये, आणि पश्चिम विभागाचं पीठ २०१३मध्ये पुण्यात बसलं. न्यायमूर्ती व्ही. आर. किनगावकर आणि तज्ज्ञ सदस्य डॉ. अजय देशपांडे हे त्याचे सुरुवातीचे सदस्य. तेव्हापासून पलसाण्याच्या माणसाला नाल्याबद्दल दाद मागायची तर त्याचं कोर्ट पुण्यात आहे. गुजरात, महाराष्ट्र, गोवा तिन्हींचं एकच. कागद इंग्रजीत करावे लागतात, मग तक्रारदार गुजराती बोलो की अहिराणी.

६ जानेवारी २०२२च्या पहाटे पलसाण्याच्या शेजारी, सचिनच्या औद्योगिक वसाहतीत, एक टँकर नाल्याजवळ उभा राहिला आणि त्यातलं रसायन नाल्यात सोडलं गेलं. विषारी वायू तयार झाला आणि शेजारच्या कापड मिलमधले सहा कामगार मेले, वीसहून अधिक इस्पितळात गेले. तपासाचा धागा गेला तो नवी मुंबईजवळच्या तळोज्याला. शुद्धीकरणाचा खर्च वाचवायला महाराष्ट्रातलं रसायन महामार्गाने गुजरातेत आलं होतं आणि कामावर असलेल्या माणसांच्या नाकात गेलं. काळजी घेतली होती का हे विचारायचं नाही, हा १९८६चा नियम अशा प्रसंगासाठीच केलेला. पण तो नियम लावायला टँकर आधी सापडावा लागतो. हा सापडला तो माणसं मेल्यामुळे.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८मध्ये देशातल्या नद्यांच्या ३५१ प्रदूषित पट्ट्यांची यादी केली. गुजरातचे त्यात वीस. मिंढोळा त्यात आहे आणि बलेश्वर खाडीसुद्धा आहे, सुरत जिल्ह्याबाहेर जिचं नाव कोणी ऐकलं नसेल ती. वर्तमानपत्रातली या यादीची बातमी वाचून हरित न्यायाधिकरणाने स्वतःहून खटला चालवला आणि प्रत्येक राज्याला नद्या सुधारण्याचे आराखडे करायला लावले. या वेळी याचिका करायलाही कोणी लागलं नाही. २०२२मध्ये नवी यादी आली तेव्हा देशातले पट्टे ३५१वरून ३११वर उतरले होते. सर्वांत जास्त पट्टे दोन्ही वेळा एकाच राज्यात होते. जिथे पाठ्यपुस्तक लिहिलं गेलं, जिथे नीरी आहे, जिथे पश्चिम विभागाचं पीठ बसतं, त्या महाराष्ट्रात पहिल्या यादीत ५३ होते, दुसरीत ५५.